पेटी आत्ता घ्यावी की थंडी सरल्यावर?

कोजागिरी झाली की दरवर्षी हा प्रश्न येतोच. यंदा पहिला फोन वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा होता. "काका, मधमाशीच्या दोन पेट्या घ्यायच्या होत्या. पण मोबाईलवर पाहिलं तर सगळे सांगून राहिले का थंडीच्या तोंडावर सुरुवात करू नका, माश्या मरतात. मग होळीनंतर घेऊ का?"

त्यानं पाहिलं ते खरंच आहे, पण बर्फाच्या मुलखातलं आहे. तिथे तीन-चार महिने एक फूल उमलत नाही. माश्या पेटीत एकमेकींना बिलगून बसतात आणि साठवलेल्या मधावर दिवस काढतात. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री पारा ८-१० अंशांवर येतो, नागपूर-गोंदियाकडे एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो. पण सकाळी दहा-अकराला ऊन तापलं की माशी कामाला निघते, आणि तेव्हा वावरात फूल असतं. विदर्भातल्या माशीचा उपास अक्षय तृतीयेला सुरू होतो आणि पोळ्याच्या आसपास सुटतो. होळीनंतर घेतलेली पेटी दोन महिन्यांत त्या उपासात सापडते. म्हणून त्याला सांगितलं: घ्यायची तर दिवाळी ते त्रिपुरी पौर्णिमा या दिवसांतच घे. फक्त पिकांवरच्या विषारी फवाऱ्याचं आधी पाहा. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी स्वतः पहिल्या दोन पेट्या चैत्रात घेतल्या होत्या. पेट्या घेऊन गावोगाव फिरणारा एक मधपाळ हंगाम संपवून परत निघाला होता, त्यानं स्वस्तात दिल्या. मोहाची फुलं चालू होती, लिंब-करंज फुलले होते, महिनाभर पेट्या जोरात होत्या. मग वैशाख लागला. एका दुपारी झाकण उघडलं तर तीन पोळी चौकटीतून, म्हणजे ज्या लाकडी चौकोनात माशी पोळं बांधते त्यातून, सुटून तळाच्या फळीवर बसलेली. मेण मऊ पडलं होतं, मधाचं वजन पेललं नाही. खाली मधात लडबडलेल्या माश्या, पंख चिकटलेले, काही अजून पाय हलवत होत्या. पेटीवर सावली होती ती फक्त सकाळची. उरलेल्या माश्या आषाढात पराग मिळेना म्हणून खंगल्या, आणि श्रावणात रिकाम्या पोळ्यांत मेणकिड्याच्या जाळ्या तेवढ्या राहिल्या. त्या दोन पेट्यांनी मला ऋतू शिकवला.

आता हिशेब पाहा. कामकरी माशीचं अंडं ३ दिवस, अळी ६ दिवस, मग बंद घरात १२ दिवस, असे २१ दिवसांत ती बाहेर येते. पण आली की लगेच फुलावर जात नाही. पुढचे साधारण तीन आठवडे घरं साफ करणं, पिल्लांना चारणं, मेण काढणं, दारावर राखण करणं यात जातात. म्हणजे अंड्यापासून फुलापर्यंत सहा आठवडे. काटोल-नरखेड, वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याचा आंबिया बहार जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत फुलतो. त्या फुलावर जी माशी बसणार तिचं अंडं डिसेंबरच्या मध्यापर्यंत पडलेलं असावं लागतं. आणि एवढी अंडी राणी घालणार कधी, तर पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या-कोष, ऊबेत ठेवायला पुरेशा माश्या आधीच असतील तेव्हा. पिलाव्याला ३४-३५ अंश ऊब लागते. चार-पाच चौकटींची पेटी नोव्हेंबरात आणली तर संक्रांतीपर्यंत ती आठ चौकटींवर नेता येते. संक्रांतीला आणलेली तशीच पेटी फुलं गळेपर्यंत माश्याच वाढवत बसते, मधाला मोकळी होत नाही.

थंडीत खायला काय असतं? तूर फुललेली असते, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोर असते. पूर्व विदर्भात धानानंतरचं जवस असतं. जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गाळून टाकतं, म्हणून तिकडच्या पेटीवर सकाळचं ऊन पडायलाच हवं. मोहरी असेल तर उत्तम. बियाण्यासाठी सोडलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुलला की वाफ्याजवळ उभं राहून नुसता आवाज ऐका, मला त्या आवाजाचा अजून कंटाळा आलेला नाही. पुढे संत्रा, करडई, बुलडाण्याकडे कांद्याचं बियाणं, मग पळस आणि मोहा. चार-साडेचार महिने एकामागून एक ताट वाढलेलं असतं. नवख्या माणसाला शिकायला एवढी सवड वर्षात दुसऱ्या वेळी मिळत नाही: पेटी वाढत असते, चुका भरून निघतात.

तुमच्या शिवारात हंगाम उघडला का, हे पाहायचं असेल तर मोठ्या वडा-पिंपळाकडे आणि पाण्याच्या टाकीखाली नजर ठेवा. आग्या मोहोळं येऊन लागली की फुलोरा सुरू झाला म्हणायचं. ती मोहोळं पेटीत भरता येतील का, असं खूप जण विचारतात. येत नाहीत. आग्या आणि फुलोरी माशी उघड्यावर एकच पोळं बांधते, अंधाऱ्या पेटीत राहत नाही. पेटीत राहते ती सातेरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. मेळघाट, गडचिरोलीसारख्या रानाच्या कडेला सातेरी बरी, ती इथलीच आहे, पण पोटाला कमी पडलं की एका दुपारी पेटी सोडून जाते. सपाटीवरच्या पिकांत आणि संत्र्यात लोक मेलिफेरा ठेवतात. ती मध जास्त देते, मात्र तिला व्हरोआ कोळी, म्हणजे अंगाला चिकटून राहणारी बारीक कीड, लागतो, त्यावर नजर ठेवावीच लागते.

आता फवारा. या विषयावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण थंडीने मेलेली पेटी मी विदर्भात क्वचित पाहिली, फवाऱ्याने मेलेल्या मात्र दरवर्षी पाहतो. विषाने मेलेली माशी ओळखू येते. पेटीच्या दारापुढे सडा पडतो, बऱ्याच माश्यांची जीभ बाहेर आलेली असते, आणि जिवंत असतात त्या जागच्या जागी गोल फिरतात, उडता येत नाही. पराठीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळीसाठी आणि रसशोषक किडींसाठी जे मारलं जातं त्यातलं बरंच माशीला घातक. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम तर फार. तुरीवर फूल असतानाच घाटेअळीचा फवारा येतो. संत्र्यात नवतीवर, म्हणजे नव्या कोवळ्या फुटीवर, सायला किडीसाठी मारतात, तेव्हा कळी उमलायला लागलेली असते. हे विष माणसालाही सोडत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही.

म्हणून पेटीचे पैसे देण्याआधी चारही धुऱ्यांवर जा आणि शेजाऱ्यांशी बोला. त्यांनी फवारू नये असं म्हणता येणार नाही, त्यांचंही पीक आहे. एवढंच मागा की आदल्या दिवशी सांगा आणि दिवस मावळताना मारा. मेलिफेरा दोन-तीन किलोमीटर जाते, तेव्हा एका धुऱ्याने भागत नाही. सांगावा आला तर अंधार पडल्यावर दाराला जाळी लावा, वर ओलं पोतं टाका. थंडीत दुसऱ्या दुपारपर्यंत पेटी अशी राहू शकते, उन्हाळ्यात गुदमरते. कडक औषध असेल तर एवढ्याने काम होत नाही, आठ-दहा दिवसांसाठी पेटी चार-पाच किलोमीटर लांब न्या. त्याच वावराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उपयोग नाही: माशी जुन्या जागेवर परत येते आणि पेटी सापडली नाही की तिथेच घिरट्या घालत मरते. चहूकडे पराठी-तूर आहे आणि कोणी ऐकणारं नाही, अशी जागा असेल तर यंदा पेटी घेऊ नका. संत्र्याच्या बागेत, नाही तर रानाला लागून असलेल्या एखाद्या सोयऱ्याच्या वावरात जागा शोधा.

घेताना पेटी दुपारी उघडून पाहा, विकणाऱ्याने उघडायला नकार दिला तर परत फिरा. चौकट हातात घ्या, सूर्य पाठीवर ठेवा आणि घरांच्या तळाशी पाहा. भाताच्या शितापेक्षा कितीतरी बारीक, पांढरी, उभी अंडी दिसली तर राणी गेल्या दिवसाभरात तिथून गेली आहे. अंडं दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं. ही एक गोष्ट ओळखता आली की राणी प्रत्यक्ष दिसलीच पाहिजे असं राहत नाही. बंद पिलावा सलग असावा, मध्येमध्ये भोकं पडलेला नको. पंख चुरगळलेल्या माश्या दिसल्या तर कोळी आहे असं समजा. आणि एक नको, दोन पेट्या घ्या: एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देता येते. दहा तर मुळीच नकोत.

थंडीतली काळजी फार नाही. दार पूर्वेला, पेटी जमिनीपासून हात-दीड हात उंच, स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाही तर मुंगळे चढतात. रात्री दार अर्धं करा. रिकाम्या चौकटी काढून आत आडवी फळी लावा, झाकणाखाली बारदान्याचा तुकडा टाका, पण हवेची वाट बुजवू नका, आत ओल धरते. पेटी उघडायची ती अकरा ते तीनमध्येच, दहा-पंधरा दिवसांतून एकदा, आणि पाच-सात मिनिटांत बंद. शिकाऊ माणूस रोज उघडतो, त्याने पिलावा गारठतो. मध कमी दिसला तर साखर-पाणी सारखं घेऊन पाक संध्याकाळी आत ठेवा. बाहेर सांडू देऊ नका, शेजारच्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. वेडा राघू तारेवर बसून माश्या टिपतो. त्याला मारायचं नाही, पेटी तारेपासून दूर ठेवायची.

माशी चावणारच. चावली की काटा नखाने खरवडून काढा. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागला तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठा. घरात कोणाला पूर्वी असं झालं असेल तर पेटी अंगणात ठेवू नका.

प्रशिक्षणाशिवाय सुरुवात करू नका. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, योजनेची चौकशी जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात होते. साहित्यावर ५० टक्के अनुदान मिळतं. पुण्याला केंद्राची मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. अर्ज करताना पेट्या कधी मिळतील ते विचारून घ्या. उन्हाळ्यात मिळणार असतील तर दिवाळीनंतर द्या म्हणून लेखी मागणी करा. आणि साखरेचे पैसे आत्ताच बाजूला काढा. मी जून ते ऑगस्टमध्ये पेटीमागे आठवड्याला पाव ते अर्धा किलो साखर धरतो.

आर्वीच्या त्या मुलाने चारही धुऱ्यांवर जाऊन विचारलं. तिघं हो म्हणाले. चौथ्याची आठ एकर तूर आहे, त्याचे फवारे डिसेंबरपर्यंत चालणार. तेव्हा पेट्या कारंजा घाडगेकडे त्याच्या मामाच्या संत्र्याच्या बागेत ठेवायचं ठरलं, आणि नवतीवरचा फवारा कळी उमलण्याआधी उरकून घ्यायचं मामाने कबूल केलं. पुढच्या आठवड्यात रात्री गाडी भरायची आहे. दाराला जाळी, चौकटी गाडीच्या लांबीला समांतर, पेटीला सुतळीचे दोन आडवे वेढे. उतरवल्यावर तीन दिवस हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी दुपारी बारा वाजता आम्ही दोघं पहिल्यांदा उघडणार आहोत, आणि अंडी तोच शोधणार आहे.