ध्रुवावरचा हिवाळी सण गॅदरिंगला बसवताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बालवाड्यांत गॅदरिंगच्या तालमी सुरू होतात. भाजीवाली, शेतकरी, मावळे हे वेष ठरलेलेच. त्यात आता 'बर्फातल्या प्राण्यांचा सण' आला आहे आणि मला तो मनापासून आवडतो. पण चार-पाच वर्षांचं मूल पहिल्यांदा जे चित्र पाहतं तेच त्याच्या डोक्यात पक्कं बसतं, म्हणून ते खरं असायला हवं.

सर्रास होणारी चूक म्हणजे एकाच बर्फावर पांढरं अस्वल आणि पेंग्विन हातात हात घालून फेर धरतात. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं. तिथे पेंग्विन नाहीत. वॉलरस, रेनडियर, ध्रुवीय कोल्हा हे अस्वलाचे शेजारी. पेंग्विन दक्षिणेकडच्या अंटार्क्टिकातले, त्यांचा शेजारी वेडेल सील. त्यासाठी नाटुकलं मोडायची गरज नाही. स्टेजच्या मधोमध एक जुनी निळी साडी अंथरा, तो झाला समुद्र. अलीकडे उत्तर, पलीकडे दक्षिण. दोन्हींकडे जाणारं एक पाखरू खरंच आहे, आर्क्टिक सुरय. आपल्या नद्या-तलावांवर जो नदी सुरय दिसतो, त्याचाच हा भाऊबंद. उत्तरेत पिल्लं वाढवतो आणि तिथली थंडी पडायच्या आत दक्षिणेच्या टोकाला जातो. वर्षाला दोन उन्हाळे! वर्गातल्या सगळ्यात चपळ पोराला सुरय करा, त्याच्या चोचीत चिठ्ठी द्या. सुरय आणि सूर्य हे शब्द मुलं हमखास एकमेकांत मिसळतात. मिसळू द्या, गोष्टीला ते शोभतंच.

दुसरी चूक अनेकांच्या ध्यानातच येत नाही. डिसेंबरात दोन्हीकडे हिवाळा नसतो. उत्तरेत दुपारीसुद्धा काळोख असतो, तर अंटार्क्टिकात आपल्या 'मैत्री' या संशोधन तळाशी सूर्य मावळतच नाही. 'मैत्री' १९८९ पासून आहे, तिथलाच आपला दुसरा तळ 'भारती' २०१२ पासून. आणि तिथली माणसं हिवाळ्याचा मध्य साजरा करतात तो २१ जूनच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे शाळा नुकत्या उघडलेल्या असतात आणि पाऊस लागलेला असतो तेव्हा. सम्राट पेंग्विनचा बाबा पायावर अंडं घेऊन साधारण ६५ दिवस उपाशी उभा राहतो, तेही त्याच काळोखात, इतर बाबांना चिकटून. हा प्रसंग डिसेंबरच्या देखाव्यात घुसवू नका. जूनमध्ये वर्गात खेळा: मोज्यांचा गोळा पावलांवर ठेवायचा आणि तो न पाडता भिंतीपर्यंत जायचं. मुलं तासभर त्या खेळातून हलत नाहीत.

मग डिसेंबर-जानेवारीत सण कशाचा दाखवायचा? माझं ठाम मत आहे, सूर्य परत येण्याचा. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, जिथे आपला 'हिमाद्री' तळ आहे, ऑक्टोबरअखेर मावळलेला सूर्य थेट फेब्रुवारीच्या मध्याला क्षितिजावर येतो. तिथल्या लाँगइयरब्येन गावात डोंगरामुळे ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमतं आणि मुलं सूर्याला हाका मारतात. आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. सूर्य उत्तरेकडे वळला की आपल्या घरात तिळगूळ वाटतातच.

म्हणून पंगत मांडू नका. सील उत्तरेतही असतात, अस्वल त्यांना खातं, आणि अस्वल-सीलला एका पानावर बसवलंत तर पहिल्या रांगेतलं मूल ते विचारणारच. विचारलं तर खरं सांगा. पण सणाला प्रत्येक प्राण्याने खाऊऐवजी उजेड आणावा: दिवाळीतले छोटे आकाशकंदील माळ्यावर असतातच, आत बॅटरीचा दिवा.

अस्वलाला थंडीभर झोपवणं हीही चूकच. पांढरी अस्वलं हिवाळ्यात बर्फावर शिकार करत हिंडतात. बर्फाच्या गुहेत शिरते ती फक्त गाभण आई. तिची पिल्लं हिवाळ्यातच जन्मतात, जेमतेम अर्धा-पाऊण किलोची, आणि मार्च-एप्रिलमध्ये आईमागून बाहेर येतात. तेव्हा आई-अस्वल आणि पिल्लांची एंट्री सगळ्यात शेवटी ठेवा. रेनडियरच्या वेषाला मुलगाच हवा असा हट्टही नको: डिसेंबरअखेर शिंगं मिरवतात त्या बहुतेक माद्या, मोठ्या नरांची तोवर गळून पडलेली असतात. आणि इग्लू प्राण्यांचं घर नव्हे, उत्तरेकडच्या इन्युइट माणसांचा बर्फाचा निवारा आहे.

आता जे वाचून लगेच तपासावं असं. कापूस चिकटवलेली मुलं समईजवळ उभी करू नका. दीपप्रज्वलन आधी उरकून समई स्टेजवरून हलवा. फवाऱ्याचा खोटा बर्फ तर नकोच. तो पेट घेऊ शकतो, डोळ्यांत जातो, फरशी निसरडी करतो. पहाटेची बोचरी थंडी दुपारच्या मांडवात उरत नाही. फरच्या भाड्याच्या ड्रेसमध्ये घामाघूम होऊन रडणारं पोर मी कडेवर घेतलं आहे, तेव्हापासून साधा पांढरा टी-शर्ट आणि कपाळावर कार्डशीटचे कान एवढंच करते. मुखवटा नको, वाट दिसत नाही. ड्रेस असा हवा की लघवीला जाताना मदत लागू नये.

संवाद छापील भाषेत लिहू नका. 'हे हिमअस्वला, तू कुठे प्रस्थान करत आहेस?' हे पाच वर्षांच्या पोराला पाठ होत नाही आणि झालं तरी घशात अडकतं. 'सुरय कुठं जाऊलाय?' हे त्याच्या घरातलं आहे, एकदा सांगितलं की पुरे. कानडी शेजारच्या मुलीने अस्वलाला 'हिमकरडी' म्हटलं तर अडवू नका. तो बरोबर शब्द आहे. एका अस्वलाला ती ओळ द्या, प्रेक्षकांतल्या तिच्या आजीलाही कळेल कोण आलं ते.

सुरुवातीलाच सगळे फोकस लावू नका. निम्मं नाटुकलं निळसर अंधारात होऊ द्या, कंदील एकेक करून पेटू देत, आणि मुलांनी तीनदा हाक मारल्यावरच मोठा पिवळा दिवा लावा. तो बटणापाशी बसणारा माणूस तालमीलाही हवा, नाहीतर सूर्य दुसऱ्याच हाकेला उगवतो.