घरातला भोंगा: फोन आणि अभ्यास यांची वेळ कशी लावावी

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. वस्ती तीनेक हजार. २०२२च्या ऑगस्टनंतर तिथे रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला आणि घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद व्हायला लागले. साडेआठला दुसरा भोंगा. मग ज्याला जे बघायचं ते बघा. कोरोनात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेले फोन शाळा उघडल्या तरी सुटत नव्हते, त्यातून हे निघालं. आधी गावातल्या पुरुषांपुढे विषय काढला, तर त्यांनी थट्टेवारी नेला. मग बायकांची सभा घेतली आणि ठराव झाला. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक दारोदार जाऊन सांगत फिरले.

या गावाने फोन कुणाकडून काढून घेतले नाहीत. फक्त दीड तास राखून ठेवला आणि तो सगळ्यांनी एकाच वेळी पाळला. दहावी-बारावीचं मूल असलेल्या घरात, अगदी शहरातल्या दोन खोल्यांतही, हे जमतं. आमच्याकडे धडपडत का होईना, जमलं. कसं, ते सांगते.

पायरी १: आठवडाभर काही बोलायचं नाही, फक्त मोजायचं

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं, आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’. कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते तिथे दिसतं. बहुतेक पालक एकूण तासांचा आकडा बघतात आणि भांडण सुरू करतात. तो आकडा सध्या सोडून द्या. दुसरा आकडा बघा: फोन दिवसात कितीदा उघडला आणि किती सूचना आल्या. जेवणानंतर सलग तासभर रील्स बघणारं मूल आणि गणित सोडवताना दर सहा मिनिटांनी फोन उलटा करून बघणारं मूल, दोघांचे तास सारखे भरतील. अभ्यास मात्र दुसऱ्याचा जास्त बुडतो. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की आधीच्याचा काही अंश डोक्यात घुटमळत राहतो. मैत्रिणीच्या स्टोरीवर नजर टाकून प्रमेयाकडे परत आलेल्या मुलीच्या डोक्यात काही वेळ ती स्टोरीच चालू असते.

वहीत दोनच रकाने आखा: कुठल्या वेळी फोन हातात होता आणि त्या वेळी खरं तर काय करायचं होतं. मुलानेच भरायचे. आणि हो, आईबाबांनी आपलीही वही भरायची. माझी भरल्यावर मला कळलं की कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाऊण तास घालवते. त्यानंतर लेकीला उपदेश करताना माझा आवाज आपोआप खाली आला.

पायरी २: कामाचा फोन आणि करमणुकीचा फोन वेगळे करा

‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांबद्दल एक नोंद आहे. स्मार्टफोन वापरता येतो असं ८२ टक्के मुलांनी सांगितलं. त्यांपैकी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला असं सांगणारी मुलं ५७ टक्के होती, आणि सोशल मीडियासाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. म्हणजे फोन अभ्यासाच्या कामी येतच नाही असं नाही. वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ येतो, टेलिग्रामवर जुन्या प्रश्नपत्रिका येतात, यूट्यूबवर विज्ञानाचा धडा कुणीतरी आपल्या बाईंपेक्षा बरा समजावतं. अमेरिकेत रेनॉल जुन्को यांनी २०१२ साली महाविद्यालयीन मुलांच्या फेसबुक वापराचा अभ्यास छापला. फेसबुकवर जास्त वेळ घालवणाऱ्यांचे गुण थोडे कमी दिसले, पण माहिती शोधणं आणि वाटणं यासाठी तेच फेसबुक वापरणाऱ्यांचे गुण उलट बरे दिसले. अशा अभ्यासांतून कारण सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. अभ्यासात मन लागत नाही म्हणून फोनकडे वळलेली मुलंही त्या आकड्यांत असतातच.

घरात करायचं ते सोपं आहे. शाळेचा ग्रुप दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी बघायचा. गृहपाठ वहीत उतरवून घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. लेक्चर बघायचं असेल तर शक्यतो लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर लावायचं, कारण फोनवर त्याच यूट्यूबमध्ये एका बोटाच्या अंतरावर शॉर्ट्स असतात. फोनशिवाय इलाज नसेल तर व्हिडिओ आधी डाउनलोड करायचा आणि इंटरनेट बंद करून बघायचा.

पायरी ३: वेळ ठरवा, आणि ती अख्ख्या घराची करा

खरी कसोटी इथे आहे. सात ते साडेआठ हीच मालिकांची वेळ. बाहेर मालिका चालू आणि आतल्या खोलीत मुलाने इतिहास वाचायचा, हे होणार नाही. वडगावच्या भोंग्याची गंमतच ही होती की तो एकट्या मुलासाठी वाजत नव्हता. सगळ्यांचंच बंद, त्यामुळे आपण काही गमावतोय असं कुणाला वाटायचं कारण उरत नव्हतं.

घरातल्या सगळ्यांनी बसून दीड तास निवडा. आजी-आजोबांनाही विचारा, त्यांची मालिका हलवायची तर त्यांच्या संमतीने. आजकाल मालिका दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते, हे आमच्या सासूबाईंनीच सुचवलं. शिकवणीमुळे संध्याकाळ रिकामी नसेल तर पहाटेचा दीड तास घ्या. कामावरून येणाऱ्याला आठ वाजत असतील तर भोंगा साडेआठला वाजवा. घड्याळात कितीही वाजलेले असोत, वेळ रोज तीच हवी. तांब्यावर चमचा आपटला तरी भोंगा होतो.

ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बाबांसोबत कामावर जातो, तिथे पेच वेगळा. बाबा घरी आले की फोन मुलाच्या हाती येतो आणि नेमकी तीच अभ्यासाची वेळ असते. अशा घरात पहिली वीस मिनिटं फोन शाळेच्या कामासाठी मुलाला द्या, गृहपाठ उतरवून होऊ द्या, आणि मग भोंगा.

एक युक्तिवाद हमखास ऐकू येईल: “शेजारचा दिवसभर इन्स्टावर असतो, तरी त्याला ९२ टक्के पडले.” पडले असतील. इंग्लंडमधल्या चार शहरांत शाळांनी फोनबंदी केल्यावर गुणांचं काय झालं हे दोन अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं होतं. अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण बऱ्यापैकी सुधारले. पुढे असलेल्यांना जवळपास काहीच फरक पडला नाही. ज्याला स्वतःला आवरता येतं त्याला भोंगा लागत नाही. आपलं मूल कुठे बसतं, ते आपल्याला ठाऊक असतं.

पायरी ४: फोन दुसऱ्या खोलीत

टेबलावर पालथा ठेवून चालणार नाही, दप्तरातही नको. २०१७ साली टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना फोन टेबलावर, काहींना खिशात किंवा पिशवीत आणि काहींना दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगून बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आवाज सगळ्यांचेच बंद होते. दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांनी टेबलावर ठेवलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा दर वेळी तेच उत्तर आलं नाही, म्हणून मी यावर पैज लावणार नाही. पण फोन घ्यायला उठून जावं लागतं, आणि उठेपर्यंत निम्म्या वेळा विचार बदलतो. एवढा फायदा मला पुरेसा आहे.

आमच्याकडे स्वयंपाकघरात पोळ्यांचा जुना डबा आहे. भोंगा झाला की सगळे फोन त्यात. कुणाचा वाजलाच तर मोठ्यांपैकी एकाने उठून बघायचं. बिनमहत्त्वाचे ग्रुप कायमचे म्यूट करा आणि मैत्रिणींना सांगून टाका: “सात ते साडेआठ मी नसते.” हे सांगणं महत्त्वाचं. मुलांना रील्स चुकल्याचं फारसं वाटत नाही. उत्तर दिलं नाही तर ग्रुपमध्ये कुणी काय म्हणेल, याची धास्ती असते.

पायरी ५: त्या दीड तासात पुस्तक मिटवा

फोन डब्यात गेला म्हणजे अभ्यास झाला असं नाही. अर्धी मुलं मग पुस्तक उघडून त्याच पानाकडे बघत बसतात. रील्सवरच्या ‘तीस सेकंदांत पूर्ण धडा’ छाप व्हिडिओंनी एक सवय लावली आहे: समोर दिसलं, ओळखीचं वाटलं, म्हणजे आलं. परीक्षेत समोर काहीच दिसत नाही.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच प्रयोगात दाखवलं. एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१.

तेव्हा दीड तासाची वाटणी साधारण अशी करा: अर्धा तास एक भाग वाचायचा, पुस्तक मिटून पंचवीस मिनिटं आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवायचं, दहा मिनिटं गच्चीवर किंवा गॅलरीत, आणि उरलेल्या वेळात पुस्तक उघडून लाल पेनने चुका भरायच्या. गणिताला वाचन नाहीच, सरळ उदाहरणं सोडवायची. गच्चीवर फोन न्यायचा नाही.

पायरी ६: रात्र सांभाळा

दिवसा वाचवलेला दीड तास रात्री पांघरुणात जातो. चार्जर झोपायच्या खोलीतून बाहेर काढा. “गजर लावायचा आहे” ही सबब येणार, म्हणून गजराचं साधं घड्याळ आणा. इन्स्टाग्रामच्या किशोरवयीन खात्यांवर रात्री दहा ते सकाळी सात सूचना आपोआप बंद राहतात. मात्र खातं उघडताना जन्मवर्ष खोटं टाकलं असेल तर ही सोय मिळत नाही. तेव्हा ते एकदा तपासा, पण ओरडू नका.

पहिला आठवडा चिडचिडीत जातो. दुसऱ्यात कुणीतरी मोठा माणूसच नियम मोडतो. त्याने कबूल करायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा वाजवायचा. गणपतीत, लग्नकार्यात सुटी द्या. चिडचिड मात्र महिन्यानंतरही तशीच राहिली, किंवा मूल झोपेनासं, जेवेनासं झालं, फोन घेतल्यावर अंगावर धावून यायला लागलं, तर प्रश्न वेळापत्रकाचा नाही. १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, तिथे फोन करून मराठीतही बोलता येतं.

फरक पडला का, हे टक्क्यांवरून लगेच ठरवू नका. पहिल्या घटक चाचणीचा आणि महिन्यानंतरच्या चाचणीचा पेपर शेजारी शेजारी ठेवा. गुण झाका आणि फक्त कोरे सोडलेले प्रश्न मोजा. आमच्याकडे आधीच्या पेपरात सात होते, नंतरच्यात तीन. त्या तिनांतला एक भूगोलाचा नकाशा होता, आणि तो माझ्या लेकीला अजूनही येत नाही.