एक साचा, ११२ पाट्या: कोडने एसव्हीजी फाइली कशा कराव्यात

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पाट्या बदलायच्या ठरल्या. चार विंग, ११२ पाट्या, प्रत्येकीवर फ्लॅट नंबर आणि आडनाव. मागच्या खेपेला एकेक नाव हाताने टाकलं होतं आणि दोन कुलकर्ण्यांच्या जागा उलटसुलट झाल्या होत्या. ते प्रकरण वार्षिक सभेपर्यंत गेलं. म्हणून या वेळी काम पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे सोपवलं.

एसव्हीजी फाइल दिसते चित्रासारखी, पण आत असतो निव्वळ मजकूर: अमुक जागी चौकोन, तमुक जागी अक्षरं. २००१ पासून हे डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत मानक आहे. नोटपॅडमध्ये उघडते, त्यामुळे ती लिहायला पायथनची साधी फाइल-लेखनाची सोय पुरते. खास लायब्ररी मिळतात, पण पाट्यांसाठी त्यांच्या नादी लागू नका.

आधी एकच पाटी हाताने लिहा. बाहेरच्या एसव्हीजी टॅगमध्ये (टॅग म्हणजे टोकदार कंसातली सूचना) रुंदी २०० मिलिमीटर, उंची १०० मिलिमीटर आणि व्ह्यूबॉक्स, म्हणजे आतली मोजपट्टी, ‘० ० २०० १००’ असं द्या (फाइलीत हे आकडे, एककं आणि टॅग रोमनमध्येच लागतात). आता आतलं एक एकक म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. पुढचा सगळा हिशेब पट्टीने होतो. नेमस्पेसची ओळ (ही फाइल एसव्हीजी आहे असं ब्राउझरला सांगणारी) विसरलात तर ब्राउझर चित्राऐवजी नुसते टॅग दाखवतो.

इथे उभा अक्ष वरून खाली मोजतात. शिवाय टेक्स्टला दिलेली उंची ही अक्षरांच्या तळाची असते, माथ्याची नव्हे. शून्य दिलंत तर नाव पाटीच्या वर निघून जातं आणि उकार तेवढे लोंबताना दिसतात! नाव मध्यभागी हवं तर आडवी जागा १०० द्या आणि टेक्स्ट-अँकर ‘मिडल’ ठेवा. वर रफार-वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडा.

पाटी मनासारखी झाली की नावाच्या जागी @नाव@ आणि नंबराच्या जागी @फ्लॅट@ लिहा. झाला साचा.

यादी एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह करा. एक्सेल तिच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण चिकटवतं, म्हणून पायथनमध्ये वाचताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. नाहीतर पहिल्या रकान्याचं नाव सापडतच नाही. मग लूप लावा: ओळ घ्या, साच्यात रिप्लेस करा, नव्या फाइलीत लिहा. लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ हे स्पष्ट सांगा, कारण विंडोजवर ते सांगितलं नाही तर मराठी अक्षर येताच प्रोग्राम बंद पडू शकतो. दुकानाच्या नावात & असेल तर ते आधी एस्केप करा, म्हणजे त्याजागी & लिहा, नाहीतर तेवढी एक फाइल उघडणार नाही. फाइलीचं नाव ‘ए-०४’ असं, शून्यासकट, म्हणजे यादी क्रमाने लागते. वेगळा फोल्डर ठेवा. पायथन जुन्या फाइलीवर न विचारता लिहितो.

लांब आडनावांना अक्षर लहान करावं लागतं, आणि इथे मी फसलो. पायथनच्या लेखी ‘क्षीरसागर’ची लांबी ९, कारण हलन्त, वेलांटी, काना सगळे सुटे मोजले जातात, आपल्याला दिसतात पाचच अक्षरं. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलला प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारता येतो. त्याने ज्यांचा वर्ग ‘एम’ने सुरू होतो ती चिन्हं वगळली की मोजणी ६ येते. तेवढा अंदाज पुरतो. अक्षरांतलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

छापायला नेलं की दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं: “फाँट कर्व्ह करून आणलाय का?” त्यांच्या कॉम्प्युटरवर तुमचा फाँट नसला तर दुसराच लागतो आणि मांडणी बिघडते. इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये नाव निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केलं की अक्षरांच्या रेषा होतात. ११२ वेळा हे कोण करणार? इंकस्केप कमांडनेही चालतं. त्यात ‘एक्सपोर्ट-टेक्स्ट-टू-पाथ’ हा पर्याय देऊन तेही लूपमध्ये टाका. कर्व्ह केलेलं नाव पुन्हा टाइप करून बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइली ठेवा. भाडेकरू बदलतातच.

सनबोर्डवर सगळ्या छापण्याआधी एक पाटी साध्या ए-फोर कागदावर काढा आणि पट्टीने मोजा. आमची १९४ मिलिमीटर भरली. कोड तासभर तपासला, शेवटी प्रिंटरचं ‘फिट टू पेज’ चालू निघालं.