लेकरांना ट्रॅक्टरवर बसवायचं नाही: हा नियम घरात टिकवायचा कसा

आमचं शेत परभणी जिल्ह्यात आहे. आखाड्यावर दोन ट्रॅक्टर आहेत आणि दिवाळीत नाहीतर उन्हाळ्यात गेलात तर आठ-नऊ लेकरं तिथं सापडतील. मी २२ वर्षं ट्रॅक्टर चालवतोय. त्यातली शेवटची ११ वर्षं चालू ट्रॅक्टरवर आमचं एकही लेकरू चढलेलं नाही. हे जमवायला मला काय काय करावं लागलं ते लिहितो, कारण या विषयावर जे सल्ले मिळतात ते ऐकून माझा जीव जळतो. "नीट धरून बस म्हणावं." "हळू चालवायचा." "मांडीवर घेतलं तर काही होत नाही." तिन्ही सल्ले चुकीचे आहेत.

सोप्या गोष्टी आधी उरकतो. ट्रॅक्टर उभा केला की औजार जमिनीला टेकवा, हँडब्रेक लावा, गिअरमध्ये टाका आणि चावी खिशात घाला. चावी ट्रॅक्टरलाच लटकत ठेवायची सवय असेल तर पुढचं काहीच वाचू नका, आधी ती मोडा.

आता मडगार्ड. खरी लढाई इथंच आहे आणि मी इथंच चार वर्षं हरलो.

मडगार्डवर बसलेलं लेकरू पडतं तेव्हा बहुतेक वेळा मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यात पडतं. पांदीनं ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटरनं चालला असेल, म्हणजे अगदी रमतगमत, तरी एका सेकंदात तो पावणेतीन मीटर पुढं जातो. पडलेल्या लेकरापासून चाकाचं अंतर मीटरभरसुद्धा नसतं. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत चाक त्याच्यावर येतं. आणि आपल्याला काही दिसून पाय क्लच-ब्रेकवर जाईपर्यंत पाऊण ते एक सेकंद जातोच, कितीही जुना ड्रायव्हर असो. त्यामुळं "मी हळू चालवतो" या बोलण्याला अर्थ नाही. तुमचा पाय हलायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. ४०-५० एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, आणि त्यातलं जास्त वजन त्याच मागच्या चाकांवर असतं.

माझ्या बाबतीत नोव्हेंबर होता. हरभऱ्याची पेरणी करून परत येत होतो. भावाचा ७ वर्षांचा मुलगा उजव्या मडगार्डवर बसला होता, दोन्ही हातांनी दांडी धरून. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पुढचं चाक चढलं, उतरलं, आणि मागचं चाक चढताना जो झटका बसला त्यात तो सुटला. धुरा चढायचा म्हणून मी पहिल्या गिअरमध्ये होतो, ट्रॅक्टर जवळजवळ रांगत होता, तेवढ्यानं वाचला. चाक त्याच्या पायातल्या चपलेवर थांबलं. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गिअरमध्ये असतो तर आज तो नसता. त्या रात्री मी जेवलो नाही आणि भावाच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरात फर्मान काढलं: आजपासून कोणीही बसायचं नाही. लेकरांनी दोन दिवस रडून सोडून दिलं. अडले ते आमचे आप्पा. "तू बी मडगार्डवर बसूनच मोठा झालास की." नातवाला शेतात न्यायचं तर मडगार्डवर बसवून, ही त्यांची माया होती. मी बोललो, भांडलो, आवाज चढवला. मी घरी असलो की नियम पाळला जायचा आणि बाजाराला गेलो की मोडायचा. सगळ्यांना सांगतो, वडीलधाऱ्यांशी या विषयावर भांडू नका. ते तुमच्या समोर गप्प बसतील आणि तुमच्या माघारी लेकराला उचलून मडगार्डवर ठेवतील. लपून बसलेलं लेकरू तर आणखी धोक्यात, कारण त्याला घाईनं चढवतात आणि घाईनं उतरवतात.

उपयोग झाला तो पोत्याचा. सोयाबीन निघालं होतं. मी एका पोत्यात २० किलो सोयाबीन भरलं, म्हणजे साधारण ६ वर्षांच्या लेकराचं वजन. पोतं मडगार्डवर ठेवलं, आप्पांना धुऱ्यापाशी बाजेवर बसवलं आणि त्यांच्या समोर तोच धुरा ओलांडला. पोतं पडलं, चाक वरून गेलं, सोयाबीन मातीत सांडलं. आप्पा म्हणाले, "पोतं काय हातानं धरून बसतं का?" मी म्हणालो, "आप्पा, आपलं लेकरूबी धरूनच बसलं होतं." ते बराच वेळ त्या पोत्याकडं बघत बसले. नंतर स्वतः उठून सोयाबीन गोळा करायला लागले.

तेवढ्यावर थांबलो असतो तर महिन्याभरात सगळं पुन्हा सुरू झालं असतं. दोन कामं लगेच केली. एक, नियमाचे धनी आप्पांना केलं. ट्रॅक्टरची दुसरी चावी त्यांच्या कडोसरीला असते, आणि ट्रॅक्टर सुरू करायच्या आधी लेकरं लिंबाखाली आप्पांच्या बाजेजवळ गोळा व्हायची. आप्पांनी हात वर केल्याशिवाय मी गिअर टाकत नाही. मागं घेताना तर अजिबातच नाही, कारण सीटवरून मागं वळून पाहिलं तरी रोटाव्हेटरच्या मागं बसलेलं तीन वर्षांचं लेकरू दिसत नाही. आणि दुसरं, शेतात जायचं कसं याचा बंदोबस्त. हे न करता नियम काढणारे सगळे फसतात. लेकराला शेतात यायचंच असतं आणि ट्रॅक्टर जाणारच असतो, मग कोण चालत नेईल? आम्ही ठरवलं की लेकरं आधी निघतील, आजीबरोबर चालत नाहीतर बापाच्या मोटारसायकलवर, आणि ट्रॅक्टर मागून येईल.

ट्रॉलीचं काय, असं विचारतात. ट्रॉलीतही नाही. ४ एप्रिल २०२५ ला नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला आणि वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात बायका गेल्या. त्या मोठ्या, शहाण्यासुरत्या बाया होत्या, त्यांना काही करता आलं नाही. आपल्याकडं कठडा नसलेल्या विहिरी शिवारा-शिवारात आहेत.

मांडीवर घेणं हे मडगार्डपेक्षा बरं आहे असं मानणाऱ्यांना एवढंच सांगतो: दोन्ही हात स्टिअरिंगला आणि एक पाय क्लचला असताना लेकराला धरणार कशानं? चढावर ट्रॅक्टर पुढून उचलला तर उलटा पडायला दीड सेकंदही लागत नाही.

पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मळणी यंत्रासारख्या औजाराला देणारी ट्रॅक्टरमागची फिरती दांडी, त्याबद्दल थोडक्यात, पण हे विसरू नका. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा घेर वीतभर धरला तरी ओढणीचा किंवा सदऱ्याचा जवळजवळ दोन मीटर कपडा एका सेकंदात गुंडाळला जातो. मळणी यंत्र चालू असताना लेकरू तिथं नको, लांबून भाकरी आणून द्यायलासुद्धा नको. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर या हंगामाच्या आधी नवं घाला.

आता नवीन एक खूळ. फार्महाउसवर आणि सहलीच्या ठिकाणी चार जाड चाकांच्या एटीव्ही गाड्या आल्यात. शहरातले पाहुणे १०-१२ वर्षांच्या पोरांना त्यावर बसवतात, हेल्मेट घालतात आणि व्हिडिओ काढतात. लोकांना वाटतं चार चाकं म्हणजे मोटारसायकलपेक्षा भक्कम. तसं नाही. ही गाडी आखूड आणि उंच असते, वळणावर आणि उतारावर बसणाऱ्यानं आपलं अंग कलतं करून तिचा तोल सांभाळायचा असतो, आणि लेकराकडं तेवढं वजनच नसतं. मोठ्यांसाठीची गाडी अडीच-तीनशे किलोपर्यंत भरते. उलटली की ती अंगावर येते, आणि हेल्मेट छातीचं रक्षण करत नाही. अमेरिकेत या गाड्या कितीतरी वर्षं आधी शेतांवर आल्या. तीन चाकांच्या एटीव्हीमुळं इतकी माणसं आणि लेकरं दगावली की १९८८ मध्ये कंपन्यांना सरकारशी न्यायालयात करार करून त्यांची नवी विक्री बंद करावी लागली. चार चाकांच्या चालूच राहिल्या, पण तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते की १६ वर्षांखालच्या मुलाला एटीव्हीवर बसवूच नये, चालवायलाही नाही आणि मागंही नाही. ज्यांच्याकडं ही वाहनं दारोदारी आहेत त्यांचं हे म्हणणं आहे. तिकीट काढून पाच मिनिटांची फेरी मारणाऱ्या आपल्या पोराला कोणता वेगळा नियम लागू होतो?

पाहुण्यांची लेकरं यायच्या आधी त्यांच्या आईबापांना फोनवर सांगून ठेवा. आल्यावर सांगितलं तर मान-अपमान होतो.

आणि एवढं करूनही कोणाच्या लेकराला चाकाचा किंवा औजाराचा मार लागलाच, तर आधी इंजिन बंद करा, मग १०८ ला फोन करा. वरून खरचटल्यासारखं दिसलं तरी दवाखान्यात न्याच, कारण पोटातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही.

राहता राहिली १४-१५ वर्षांची पोरं. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेला मिसरूड न फुटलेला ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिलाय आणि गप्प बसलोय. पाय क्लचला पुरला की बाप कौतुकानं चावी देतो. कायद्यात ट्रॅक्टर हे मोटार वाहनच आहे. १८ पूर्ण झाल्याशिवाय लायसन नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. दंडाची भीती घालायला मी हे सांगत नाही. पोराला "आपण कंजूष नाही, कायदाच असा आहे" म्हणायला याचा फार उपयोग होतो.

माझा मोठा आता १६ चा आहे. सकाळी इंजिन बंद असताना तो ऑइल बघतो, रेडिएटरमध्ये पाणी घालतो, निपलांना ग्रीस भरतो, टायरची हवा तपासतो. रोटाव्हेटरचं कोणतं पातं झिजलंय हे तो माझ्या आधी सांगतो. काम झालं की हात पुसून खाली उतरतो आणि लिंबाखाली जाऊन उभा राहतो. मग आप्पा हात वर करतात.