पेवातला दाओ: जिनशी सौदा कसा खेळवायचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ, त्यात डाव मी चालवते. डावात जिन आला की पोरं आधी विचारतात, "तीन इच्छा देणार ना?" मी सरळ नाही म्हणते. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या पुस्तकात इच्छा पुरवायची ताकद फक्त मोठ्या, मानकरी जिनांकडे असते. बाकीच्यांशी सौदा करावा लागतो, आणि मला तोच खेळवायला आवडतो.

जिन चार जातींचे: वाऱ्याचा जिन्नी, आगीचा इफ्रीती, पाण्याचा मारिद, मातीचा दाओ. त्याच पुस्तकात चौघांचंही चॅलेंज रेटिंग, म्हणजे लढायला किती अवघड याचा आकडा, 11 आहे, म्हणून ताकद बघून निवडू नका, जागा बघून निवडा. मी सांगलीची, त्यामुळे माझा दाओ हरिपूरच्या हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात, राहतो.

आजोबा अडतीवर दिवाणजी होते. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, असं ते बजावायचे. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. माझा प्रसंग तिथूनच सुरू होतो: कंदील खाली जातो, विझत नाही, उलट कुणीतरी तो हातात घेतं. इथे क्षणभर गप्प बसा. खेळाडूंना वाकून बघू द्या.

दाओ हावरा असतो, रत्नांवर जीव टाकतो. त्याला नेमकं काय हवंय आणि कशाने अपमान वाटतो, एवढं कागदावर आधीच लिहून ठेवा.

मग रुमाल काढा. पूर्वी बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, तसंच करा. बोलणी करणाऱ्या खेळाडूचा हात तुमच्या हातात, वर रुमाल. बाकीच्यांना फक्त चेहरे दिसतात. एका बोटाचा भाव मात्र आधी मोठ्याने सांगा. मी एकदा सांगितला नव्हता. भाच्याने चार बोटं दाबली ती चारशे मोहरा म्हणून, मी धरली चार वर्षांची चाकरी. पोरगा रडकुंडीला आला आणि मला तो सौदा मोडावा लागला.

बोलणी फिसकटली तर दाओचे 187 हिट पॉइंट (किती मार सोसेल) आणि 18 आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) जड जातात. शिवाय न घडवलेल्या माती-दगडातून दाओ भोकही न पाडता आरपार जातो, आणि पेवाच्या भिंती कच्च्या मातीच्याच. खेळाडूंना संधी द्यायची तर लढाई फरसबंदीवर, चिरेबंदी वाड्यात न्या.

मेला की त्याचा स्फटिकाचा चुरा होतो, सामान तेवढं मागे राहतं. आमच्याकडे तो चुरा हळदीत मिसळला. त्या हळदीला भाव काय लावायचा, यात पुढचा अख्खा रविवार गेला.