कॅम्पला निघण्याआधी: सुरी, कोयता आणि करवत

कुळागरात किंवा ओळखीच्यांच्या बागायतीत दोन रात्री तंबू टाकायचं ठरलं की तांदूळ, डाळ, दोऱ्या, पांघरुणं यांची यादी आठवडाभर आधी होते. सुरी मात्र शेवटच्या संध्याकाळी आठवते. मग एक तर स्वयंपाकघरातली भाजीची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत जाते, नाहीतर ऑनलाइन मागवलेली, दहा इंची पात्याची, पाठीवर करवतीचे दात असलेली अवजड सुरी कमरेला लटकते. पहिलीची मूठ ओल्या हातात फिरते, दुसरीने कांदासुद्धा धड चिरता येत नाही. गोव्यातल्या कॅम्पसाठी माझं सांगणं ठाम आहे: सुमारे चार इंच पात्याची, न मिटणारी, स्टेनलेस सुरी घ्यावी आणि तोडण्या-फोडण्याचं काम कोयत्यावर नि करवतीवर सोपवावं.

खरेदीच्याही आधी जागा नक्की करा, कारण हत्यार जागेवरून ठरतं. मोलें, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं या यादीतून आधीच वगळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात बंदूक आणि धनुष्यबाणाबरोबर सुरीचाही उल्लेख आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात पाऊल टाकता येत नाही. तिथे आग पेटवायलाही मनाई आहे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले, ते आठवलं तर ही मनाई जाचक वाटणार नाही. किनाऱ्याचंही तसंच. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे शेकोटीचा विचारही नको. उरते खासगी जमीन, मालकाची परवानगी घेऊन. पण तिथेही उभं झाड तोडणं वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. म्हणजे आपल्या वाट्याला येतं ते खाली पडलेलं लाकूड, सुकलेल्या फांद्या, माडाची चुडतं (झावळ्या) आणि पिडे, सोडणं (नारळाची सालं), करट्या. एवढ्यासाठी तलवारीएवढं पातं कुणालाच लागत नाही.

लांब पात्याला कायद्याची आणखी एक अडचण आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या एका वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. शेतीचा कोयता शेतीचाच राहतो. लढाईच्या थाटाचा सुरा काय म्हणून घडवलाय हे मात्र रस्त्यात अडवणाऱ्या पोलिसाला पटवत बसावं लागेल.

कोयता बहुतेक घरांत असतोच. नसेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा आणि हातात धरून घ्या. गावठी कोयता बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतात. ते पोलाद चिवट असतं, ठोके सोसतं. पण लोहाराने पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून थंड कसं केलंय, यावर सगळं अवलंबून. धारेजवळ कानस हलकेच फिरवून बघा: कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पातं मऊ आहे, दोन फांद्यांत धार वळेल, अजिबात न रुतता नुसती घसरली तर फार कडक आहे, गाठीवर तुकडा उडेल. थोडीशी धरून पुढे सरकली की ठीक. मूठ जमिनीवर आपटून आवाज ऐका, आत खडखडलं तर घेऊ नका. पात्याचं टोक आत वळलेलं असावं. त्या आकड्याने काटेरी फांदी ओढता येते. आणि कोयता चालवताना खाली नेहमी जाड ओंडका ठेवा. आपली जमीन चिऱ्याची, एक घाव चुकून जांभ्या दगडावर बसला तर धारेला खाच पडते आणि ती काढायला तासभर घासावं लागतं.

करवत मिटणारी घ्या, सात-आठ इंच पात्याची, ओढताना कापणारी. मनगटाएवढी सुकी फांदी ती मिनिटाभरात सरळ कापते, ढलप्या उडत नाहीत, मुलंही जवळ उभी राहू शकतात. अकेशिया आणि माट्टी ही दोन्ही लाकडं सुकल्यावर फार टणक होतात. त्यांच्यावर कोयत्याने धापा टाकण्यापेक्षा करवतीने वीतभर लांबीचे तुकडे करावेत, मग उभे धरून फोडावेत.

आता सुरी. तिने करायची कामं अशी: दोरी कापणं, तंबूच्या खुंट्या तासणं, पेटवणासाठी काडीवर पिसांसारख्या पातळ ढलप्या उभ्या करणं, बांगडे साफ करणं, भाजी चिरणं. यातल्या प्रत्येक कामात बोटांचा ताबा लागतो, जोर लागत नाही. म्हणून पातं ९ ते ११ सेंटिमीटर, जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. पाच मिलिमीटर जाडीचं पातं दुकानात हातात धरायला भरीव वाटतं, पण कैरी कापताना ती फाकते आणि मासळीच्या पोटात ते वळत नाही. धार एकसारखी असावी, दातेरी भाग नको. दातेरी पात्याने लाकूड तासता येत नाही आणि रानात त्याला धारही लावता येत नाही. पाठ मात्र काटकोनी, कडा न मोडलेली बघून घ्या. फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायच्या धातूच्या कांडीवर, ठिणग्या पाडायच्या असतील तर पाठीनेच खरवडायचं, धारेने कधीच नाही.

पात्याचं पोलाद मुठीत कुठपर्यंत गेलंय हे विचारा. शेवटपर्यंत गेलेलं असेल त्याला फुल टँग म्हणतात. मोरा या स्वीडनमधल्या गावच्या सुऱ्यांत हा फरक छान कळतो: कंपॅनियन नावाची स्वस्त, हलकी सुरी आहे, तिचं पोलाद मुठीत अर्धवट जातं, गारबर्ग जाड आणि महाग आहे, तिचं शेवटपर्यंत जातं. पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड चिरायचा तुमचा बेत असेल तर गारबर्गसारखी घ्या. पण कोयता सोबत असताना तशी गरज क्वचितच पडते, त्यामुळे माझा कल पहिल्या जातीकडे आहे. ठोकायचंच झालं तर लाकूड सहा-सात सेंटिमीटरपेक्षा जाड नको, म्हणजे टोक पलीकडे बाहेर राहतं आणि ठोका घालायला जागा मिळते. गाठ दिसली की थांबा.

मिटणाऱ्या सुऱ्या वाईट नाहीत, पण त्यांची जागा दुय्यम आहे. फ्रान्सची ओपिनेल १८९० पासून बनतेय, धार अप्रतिम लागते; तिची बीच लाकडाची मूठ मात्र दमट हवेत फुगते आणि पातं उघडेनासं होतं. गोव्यात हे व्हायला पावसाळाही लागत नाही, नदीकाठची एक रात्र पुरते. रबर किंवा कडक प्लॅस्टिकची, बोटं पुढे घसरू न देणारा उंचवटा असलेली मूठ इथल्या घामाला योग्य.

पोलादावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे बाकी सगळं बरोबर निवडूनही इथेच सुरी वाया जाते. परदेशी लिहिणारे कार्बन स्टील सुचवतात: धार पटकन लागते, ठोके सोसतं, पाठीवर ठिणगी चांगली पडते. हे सगळं खरं आहे. पण ती माणसं कोरड्या थंडीत राहतात. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि वारा मिठाचा. सुरी कॅम्पला दोन दिवस असते, घरी चातुर्मास काढते. १०९५ सारख्या कार्बन पोलादाला जूनमध्ये एक आठवडा विसरलात तर तांबूस ठिपके पडतातच. त्यावर कोकम किंवा बिंबल चिरलं की काळे डाग उमटतात आणि फोडीला लोखंडाची चव येते. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या प्राणवायूने त्याचा अतिशय पातळ थर पात्यावर तयार होतो, ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून येतो, आणि गंज बाहेर राहतो. पात्यावर १२सी२७ किंवा १४सी२८एन या स्टेनलेसच्या जातींचं नाव लिहिलेलं दिसलं तर निश्चिंत घ्या. डी२ नावाचं पोलाद फसवं आहे: क्रोमियम बाराएक टक्के, पण त्यातलं बरंचसं कार्बनबरोबर बांधलं जातं, त्यामुळे ते धार खूप दिवस धरतं आणि गंजतंही. कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५९ दिला असेल तर साध्या दगडावर धार लागेल.

स्टेनलेसही अमर नाही. ओलं पातं चामड्याच्या म्यानात दाबून ठेवलं की हवा पोचत नाही, मीठ आणि ओल आत साचते, आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. चामड्याला बुरशी येते ती वेगळीच. म्हणून म्यान प्लॅस्टिकचं, तळाला पाणी निघायला भोक असलेलं. दुकानातच सुरी म्यानात घालून ते उलटं धरा आणि हलवा. सुरी सुटली तर ती जोडी नको. घरी मात्र सुरी म्यानाबाहेर, कोरड्या फडक्यात, पात्याला खोबरेलाचा किंवा खाद्य दर्जाच्या खनिज तेलाचा हात लावून ठेवावी. मशीनचं तेल नको, त्याच पात्याने उद्या आंबा कापायचा असतो.

लाकूड ओळखणारं माणूस सोबत असू द्या. बिब्ब्याच्या जातीच्या झाडांचा काळा चीक अंगावर फोड आणतो, काजूच्या बियांच्या सालीतलं तेलही तसंच भाजतं. तो चीक पात्याला लागला की मुठीवर आणि मुठीवरून तोंडावर येतो. कण्हेरीची काडी मासळी भाजायला कधीच वापरू नका. बांबू तासायला सोपा, पण त्याने धार लवकर बोथटते, आणि दोन्ही पेरांनी बंद असलेला तुकडा आगीत टाकला तर फुटून उडतो. आधी चिरून टाका. पेटवणासाठी सोडणाच्या आतला कोरडा काथ्या आणि चुडताची सुकी पाती यांच्याइतकं चांगलं काही नाही. सत्तरी तालुक्यात पाचोळा आणि लाकडं गोळा करणार असाल तर पूर्ण बाह्या, पायमोजे आणि नंतर अंग नीट तपासणं हेही यादीत लिहा: तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळत आले आहेत, तो गोचिडींमार्फत होतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा हंगाम.

मुलांच्या हाती सुरी द्यावी, असं मला मनापासून वाटतं, पण बसवून. कोपरं गुडघ्यांवर, काम गुडघ्यांच्या पुढे, मांडीवर कधीच नाही, कारण मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. हात लांब करून फिरवला तर जेवढा घेर होतो तेवढ्यात दुसरं कुणी नको. काम संपलं की सुरी म्यानात, जमिनीवर नाही. लाकूड धरणाऱ्या हाताला जाड हातमोजा. अंधार पडल्यावर तासणं बंद, बॅटरी असली तरी.

निघायच्या आदल्या दिवशी धार कागदावर तपासा. वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला पाहिजे. अडकला तर ४०० आणि १००० ग्रिटचा (एक बाजू भरड, एक बारीक) दुहेरी दगड काढा, भाजीच्या सुरीला लावता तशीच धार लावा. लहान दगड सोबतही घ्या. जखमेसाठी निर्जंतुक गॉज, घट्ट बांधायची पट्टी, चिकटपट्टी वेगळ्या पिशवीत, सगळ्यांना माहीत असेल अशा जागी; धनुर्वाताचं इंजेक्शन कुणाचं कधी झालंय ते विचारून ठेवा. फोनला रेंज कुठे मिळते ती जागा पोचल्याबरोबर शोधा, १०८ ला फोन लावायची वेळ आली तर तिथूनच लावायचा आहे. कदंब बसने जाणार असाल तर सुरी कमरेला नको, बॅगेच्या तळाशी. कोयत्याच्या पात्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधा. पाहुणे मोपा किंवा दाबोळीला विमानाने उतरणार असतील तर त्यांच्या सुऱ्या चेक-इन सामानातच येऊ शकतात, हे त्यांना आजच कळवा.