ब्रिटिश उमरावाची कारकीर्द लिहायची? आधी नावांचा तक्ता करा

ब्रिटिश उमराव घराण्यातल्या राजकारण्यावर मराठीत लिहिलेल्या लेखांत सर्वांत जास्त चुका नावांच्या सापडतात. माणूस तोच राहतो, पण घरात कोणी वारलं की त्याचं नाव बदलतं आणि १९९९ च्या आधी कधी नावाबरोबर सभागृहही बदलायचं. म्हणून वाचायला बसण्याआधी चार रकाने आखा: तारीख, त्या वेळचं नाव, सभागृह, पद.

सरावासाठी पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले अलेक डग्लस-ह्यूम घ्या. (इंग्रजी अक्षरांत ते ‘होम’ दिसतं, उच्चार ‘ह्यूम’. डर्बी दिसणाऱ्या ‘डार्बी’सारखंच.) जन्म २ जुलै १९०३. आजोबा १९१८ मध्ये वारले, वडील तेरावे अर्ल (उमरावपदाची एक पायरी) झाले आणि थोरला मुलगा म्हणून अलेकना लोक ‘लॉर्ड डंग्लस’ म्हणू लागले. हा किताब नुसत्या रिवाजाचा. कायद्याने ते उमराव नव्हते. त्यामुळेच १९३१ मध्ये लॅनार्कमधून ते कॉमन्समध्ये, म्हणजे लोकांनी निवडलेल्या सभागृहात, निवडून येऊ शकले. १९३८ मध्ये पंतप्रधान चेंबरलेनबरोबर म्युनिकला गेलेले डंग्लस ते हेच. १९४५ च्या निवडणुकीत पडले, १९५० मध्ये लॅनार्कमधून परत आले. ११ जुलै १९५१ रोजी वडील वारले, हे चौदावे अर्ल झाले आणि मतदारांनी दिलेली जागा एकही मत न पडता गेली.

लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, असतानाच १९६० मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. पंतप्रधानपद मिळालं १९ ऑक्टोबर १९६३ ला. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने वारसा उमरावपद सोडता येत होतं. ते त्यांनी २३ ऑक्टोबरला सोडलं. कॉमन्समध्ये आले ते नोव्हेंबरमध्ये, किनरॉस अँड वेस्ट पर्थशायरच्या पोटनिवडणुकीतून. मधले सुमारे दोन आठवडे देशाचा पंतप्रधान कुठल्याच सभागृहात नव्हता. तक्त्यात तिथे रकाना रिकामा राहिला तर घाबरू नका, तो रिकामाच हवा. पुढे १९७० ते १९७४ पुन्हा परराष्ट्रमंत्री, या वेळी ‘सर अलेक’ म्हणून. आणि १९७४ मध्ये तहहयात उमरावपद घेऊन परत लॉर्ड्समध्ये. नुसतं ‘डग्लस-ह्यूम’ शोधणाऱ्याच्या हाती १९६३ च्या आधीचं जवळजवळ काहीच लागत नाही.

आता ‘लॉर्ड’ या शब्दाकडे या, कारण मराठीत तो सढळ हाताने वापरला जातो. उमरावपदाच्या पायऱ्या वरून खाली अशा: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बॅरोनेट यांत मोडत नाही. तो ‘सर’, आणि कॉमन्समध्ये बसू शकतो. पहिल्या तिघांचा थोरला मुलगा वडिलांचा दुय्यम किताब रिवाजाने लावतो. ड्यूक आणि मार्क्वेस यांच्या धाकट्या मुलांच्या पाळण्यातल्या नावाआधी ‘लॉर्ड’ लागतं. म्हणून ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ आणि ‘लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल’ बरोबर. दोघेही ड्यूकचे मुलगे. ‘लॉर्ड जॉर्ज कर्झन’ मात्र चूक, ते नुसते ‘लॉर्ड कर्झन’. मेकॉलेंचं शिक्षणविषयक टिपण १८३५ चं आणि बॅरन झाले ते १८५७ मध्ये. टिपणाबद्दल लिहिताना ‘लॉर्ड मेकॉले’ नको. ‘सर’ नेहमी पहिल्या नावाला जोडा: ‘सर अलेक’, ‘सर डग्लस-ह्यूम’ नाही.

१९९९ च्या आधी खरोखरचा उमराव कॉमन्समध्ये दिसला की आपलं टिपण चुकलं असं लगेच समजू नका, आधी त्याचं उमरावपद आयर्लंडचं आहे का ते तपासा. पंतप्रधान झालेले पामर्स्टन व्हायकाउंट असूनही १८०७ ते १८६५ कॉमन्समध्ये होते ते याच वाटेने. कर्झनना १८९८ मध्ये आयरिश बॅरनपद दिलं गेलं तेही परतीची ही वाट उघडी राहावी म्हणूनच.

हॅन्सार्डमध्ये (ब्रिटिश संसदेतल्या भाषणांच्या वृत्तांतात) शोधताना प्रत्येक नाव त्याच्या तारखांच्या मर्यादेतच शोधा, आणि किताबाबरोबर कितवा हेही लिहून ठेवा. पंतप्रधान झालेले सॅलिसबरी तिसरे मार्क्वेस. चौथे आणि पाचवेही राजकारणातच होते, त्यामुळे भाषणं सहज एकमेकांच्या खात्यावर जातात. हेच तिसरे मार्क्वेस १८५३ मध्ये स्टॅमफर्डमधून निवडून आले तेव्हा लॉर्ड रॉबर्ट सेसिल होते. थोरला भाऊ १८६५ मध्ये वारल्यावर व्हायकाउंट क्रॅनबोर्न झाले, वडील १८६८ मध्ये वारल्यावर मार्क्वेस. भारतमंत्री ते दोनदा होते: १८६६–६७ मध्ये क्रॅनबोर्न म्हणून, १८७४–७८ मध्ये सॅलिसबरी म्हणून. दोन वेगळे मंत्री समजून यादी करणं ही इथली हमखास चूक. (भारतमंत्री लंडनच्या मंत्रिमंडळात बसणारा, व्हाइसरॉय वेगळा.)

शब्दशः हॅन्सार्ड १९०९ पासूनचं. त्याआधीची भाषणं बरीचशी वृत्तपत्रांवरून जुळवलेली, अनेकदा ‘ते म्हणाले की’ अशा थाटाची. तो मजकूर अवतरणचिन्हांत घालून वक्त्याच्या तोंडी देऊ नका, सारांश म्हणूनच द्या.

नेमणुकीची तारीख लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रातून घेताना अंकाची तारीख आणि नेमणुकीची तारीख वेगवेगळी टिपा, त्यांत काही दिवसांचं अंतर असू शकतं. चरित्रनायक १७५२ च्या आधीचा असेल तर आणखी एक खोच: इंग्लंडमध्ये तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. जुन्या कागदावरचा फेब्रुवारी १७०० म्हणजे आपला फेब्रुवारी १७०१. अशा तारखेपुढे दोन्ही वर्षं लिहा: १७००/०१.